कबरीतला अकीक

शारजा,
१४ जानेवारी १९९६

तीर्थरूप बापूमामांस,

सादर नमस्कार. माझे मागचे पत्र, त्यातील सात चुका तांबड्या शाईने दुरुस्त करून, आपण परत पाठवलेत ते पोहोचले. समिधाला दाखवले. "मॉम, हू डझ दॅट?" एवढेच ती म्हणाली.

आपण उत्खननाविषयी सविस्तर मागितले आहे. समुद्रापासून जवळच वाळूच्या टेकाडाखाली घडीव दगडांची एक गोल कबर निघाली आहे. आत चार खोल्या, वय सुमारे चार हजार दोनशे वर्षे. ती एका राजाची वगैरे नाही. पिढ्यान् पिढ्या गावातला प्रत्येक मृत आत ठेवत गेले आणि जागा पुरेना तेव्हा जुनी हाडे कडेला सारली. आतापर्यंत दोनशेवर कवट्या मोजून झाल्या. आपल्या पालशेतचा केरू येथे मजुरांत आहे. तो त्या खोल्यांकडे बघून म्हणाला, "आमच्या कॅम्पासारकाच हाय ह्या, ताई. फकत हितं एसी नाय."

माझे काम निघालेल्या वस्तूंची मोजून-मापून चित्रे काढण्याचे. गेल्या आठवड्यात शिंपले काढले. त्यांत हिरव्या रंगाची भुकटी अजून आहे. कोणी तरी ती डोळ्यांना लावत असावे.

आता मुख्य गोष्ट. गुरुवारी दक्षिणेकडच्या खोलीच्या कोपऱ्यात एक मणी सापडला. लाल अकीक, लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. मोहिमेच्या प्रमुख बाई (त्या परदेशी प्राध्यापिका आहेत) तो तळहातावर घेऊन उन्हात गेल्या. मग म्हणाल्या, हा सिंधूच्या खोऱ्यातून आला. नोंदवहीत त्याला एकशे सत्तेचाळीस हा क्रमांक मिळाला. हे वाचून आपल्याला आनंद होईल, म्हणून मुद्दाम लिहिते.

परंतु त्याच दुपारी आमचे मुकादम विजयकुमार मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, वो केरू. दस दिन पहले सबसे पहले आके उसी कोने में बैठा था. हाथ इधर तक रेती में." आणि त्यांनी आपले कोपर दाखवले. त्यांचे म्हणणे असे, की माळेत मणी एकटा नसतो. उरलेले कुठे गेले?

केरूच्या आईची पत्रे आपणच लिहिता. हा माणूस कसा आहे?

आपली भाची,
संध्या

◆

पालशेत,
२५ जानेवारी १९९६

चि. संध्या हिस अनेक आशीर्वाद.

या खेपेस चुका दोनच आहेत. पत्र परत पाठवत नाही, कारण ते मला हवे आहे.

तुझ्या हाती काय आले आहे, याची तुला कल्पना नाही. मेसोपोटेमियाच्या मातीच्या लेखफलकांवर मगन आणि मेलुहा या दोन देशांच्या नौका नोंदलेल्या आहेत. मगन म्हणजे तू उभी आहेस ती भूमी. तेथून तांबे जाई. मेलुहा म्हणजे आपण. खंबायतेचा दगड घेऊन निघालेल्या नौका आपल्या किनाऱ्याने उतरत, आपल्या खाडीत पाणी भरत आणि मग वारा धरत, हे मी तीन परिषदांत मांडले. तिन्ही वेळा समोरून "पुरावा?" हा एकच शब्द आला आणि मागून हशा. मला शहात्तरावे वर्ष चालू आहे. माझा लेख इतिहासाच्या त्रैमासिकाच्या छापखान्यात पडून आहे, तो या पुराव्याच्या दोन ओळींसाठी आणि एका चित्रासाठी. मण्याची लांबी, जाडी, भोकाचा व्यास आणि खोली ताबडतोब कळव. तुझ्या प्रमुख बाई तो दडपणार नाहीत, याकडे लक्ष ठेव. परदेशी विद्वानांना आपले पूर्वज नौकेत बसलेले सहसा आवडत नाहीत.

केरूविषयी विचारतेस, तर स्पष्ट लिहितो. तो चौथीत असताना माझ्या शाळेच्या काचेच्या कपाटातून सर्वांत मोठा शंख नाहीसा झाला. सर्व मुलांना उभे केले. एकट्या केरूने मान खाली घातली होती. शंख मिळाला नाही. ती मान मात्र मी विसरलेलो नाही. माणूस देश बदलतो, हात तेच राहतात. त्याची पेटी उघडून पाहावी, असे माझे मत आहे. एक मणी वाचला, उरलेली माळ पेटीत असेल, आणि ती माळ मला माझ्या लेखात हवी आहे.

तुझा मामा,
बापू

◆

शारजा,
८ फेब्रुवारी १९९६

तीर्थरूप बापूमामांस,

नमस्कार. रमजान चालू आहे, काम दुपारी एकला थांबते. लिहायला वेळ आहे, पण लिहायला हात होत नव्हता.

आपले पेटीविषयीचे वाक्य मी विजयकुमारांना सांगितले. मी सांगायला नको होते. त्यांनी दुसऱ्याच दिवशी मजुरांच्या कॅम्पवर जाऊन बारा माणसांदेखत केरूची पेटी पालथी केली. मला साक्षीला नेले. "यल्ला, खोल," म्हणाले. केरूने स्वतःच कुलूप काढले.

आत दोन लुंग्या, आंबोशीची बरणी, आईचा फोटो. तळाशी पिवळ्या फडक्याची एक पुडी. तीत सुपारी, पिंजर आणि लाल दोरा. दोऱ्याला दोन गाठी होत्या आणि मधला भाग मोकळा. सवयीने मी पट्टी लावली. मामा, दोन गाठींमधले अंतर आणि एकशे सत्तेचाळीस क्रमांकाच्या मण्याची लांबी एकच आहे.

"खलास," विजयकुमार म्हणाले. "ये माला का धागा है."

केरूला विचारले तर तो दोनच शब्द बोलला: "आयेला इचारा." प्रमुख बाईंनी त्याला कामावरून उतरवले आहे. त्याची मूळ कंपनी हमरिया फ्री झोनमधली. तिने पासपोर्ट काढून घेतला. वीस मार्चला हंगाम संपतो. त्या दिवशी बाई अहवालात 'चोरी' हा शब्द लिहितील, तर व्हिसा रद्द होईल आणि त्याला या देशात पुन्हा पाऊल टाकता येणार नाही. घरात मिळवता तो एकटाच, हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.

आता माझी शंका. मी मणी भिंगाखाली धरला. कबरीत आधी निघालेल्या इतर मण्यांच्या भोकांत वाळूचा कठीण थर आहे, टोकरून काढावा लागतो. याचे भोक आरपार स्वच्छ आहे. कोपऱ्यातली वाळू भुसभुशीत आहे; तिच्यात कोणी हात घातला तरी खूण राहत नाही. मला सारखे वाटते, मणी कबरीतून पेटीत जाणार होता, की पेटीतूनच कबरीत गेला?

कृपा करून केरूच्या आईकडे जाऊन विचारा. मागितलेली मापे आणि चित्र सोबत आहे. एका टोकाशी बारीकसा टवका उडालेला आहे, तोही दाखवला आहे.

संध्या

◆

पालशेत,
२२ फेब्रुवारी १९९६

चि. संध्या हिस आशीर्वाद.

चित्र उत्कृष्ट. छायेच्या रेघा तू माझ्या अपेक्षेहून नेटक्या काढल्या आहेस. ते त्याच दिवशी छापखान्यात रवाना केले.

केरूच्या घराकडे जाणाऱ्या पाखाडीच्या उभ्या पायऱ्या तुला आठवत असतील. माझा उजवा गुडघा सुजला आहे. तूर्त जाणे शक्य नाही.

भोकाविषयीच्या शंकेचे म्हणशील, तर चार हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराचे भोक स्वच्छ असू नये, असा नियम कोणी केला? ज्या वाळूत खूण राहत नाही, तिने तेथे थर का धरावा? पेटीतून कबरीत, हा तुझा प्रश्न चमकदार आहे, आणि चमकदार प्रश्नांपासून जपावे, असे मी वर्गात नेहमी सांगत आलो. उलट त्या विजयकुमाराचा तू विचार कर. कोपरापर्यंतचा हात त्याने एकट्यानेच पाहिला. पेटीही त्यानेच पालथी केली. त्याने दोरा बरोबर नेला नसेल कशावरून?

प्रमुख बाईंपाशी यातले काही बोलू नकोस. पंधरा दिवस थांब. अंक पाच मार्चला निघेल.

तुझा मामा,
बापू

◆

शारजा,
३ मार्च १९९६
(आपल्या गावच्या नागेशच्या हस्ते. तो बहिणीच्या साखरपुड्याला आठ दिवसांसाठी गावी येत आहे.)

बापूमामा,

पालशेतचाच रुपेश सुट्टी संपवून परत आला. काल आमसुले द्यायला घरी आला होता. मी आपल्या गुडघ्याची चौकशी केली.

"बापूंचा गुडघा?" तो म्हणाला. "अहो, ठणठणीत आहेत बापू! शिवरात्र झाल्यावर दोन दिवसांनी केरूच्या ओटीवर बसले होते. मी हाक मारली तर लक्ष नव्हतं. पुढ्यातला चहा गार झालेला."

शिवरात्र सतरा तारखेला होती. आपले पत्र बावीस तारखेचे आहे. आपण गेला होतात आणि गेलो नाही असे मला लिहिलेत. का, ते मी विचारत नाही. तिथे काय ऐकलेत, एवढेच विचारते.

शुक्रवारी मी कॅम्पवर गेले. केरू खाटेवर बसून भिंतीकडे बघत होता. मी म्हटले, "तू ठेवलास ना तो मणी? हो म्हण. मी बाईंना सांगते."

तो म्हणाला, "काम संपंपर्यंत बोलायचां नाय, ताई."

"अरे, तुला घरी पाठवतील!"

"पाठवूंदे. मी बोललो नि हितं कुणावर दगड पडला, तं?"

बाईंकडे पुराव्याशिवाय गेले, तर मी गाववाल्याची बाजू घेते आहे असे त्या म्हणतील, आणि ते खरेही वाटेल. हंगाम संपायला सतरा दिवस आहेत. केरूच्या आईचा शब्द हवा आहे, आणि तो शब्द कागदावर उतरवणारे माणूस त्या वाडीत आपण एकटेच आहात.

संध्या

◆

पालशेत,
९ मार्च १९९६

चि. संध्या,

हे पत्र नागेश परत येताना घेऊन येईल. टपालावर माझा विश्वास नाही. स्वतःवरचाही या महिन्यात फारसा उरलेला नाही.

मी एकोणीस फेब्रुवारीला केरूच्या आईकडे गेलो होतो. बावीस तारखेच्या पत्रातील गुडघा खोटा होता. तेथे झालेले बोलणे जसेच्या तसे लिहितो; या वेळी त्यातले काही गाळलेले नाही.

तुझे चित्र तिच्यापुढे धरून मी विचारले, "हा मणी ओळखतेस?"

तिने कागद उजेडाकडे केला. "ह्यो माझाच. माझ्या आयेचा. हितं टवका हाय बघा, जात्यावं पडला व्हता."

"मग तो तिकडे कबरीत कसा?"

"पोरानं कळवलान, मेलेल्यांची घरां उकरतांव म्हणून. दुसऱ्याची जमीन उकरायची तं त्या जाग्याच्या राखणदाराला मान नको द्यायला? तोही आपल्या अंगावरचा हवा. इकतचा नाय चालत. मी गळ्यातला दोरा तोडला नि मण्यासकट नागेशबरोबर धाडला."

"हे तू मला का सांगितले नाहीस?" मी विचारले. आवाज चढवूनच विचारले, असे मला आठवते.

ती म्हणाली, "तुमालाच तं सांगितलां, बापू! दिवाळीत. तुमी हितंच बसून लिवत व्हतात. मी म्हटलां, लिवा: मणी ठेवायच्या आदी मोठ्या सायबाला सांग, चोरून ठेवू नको. ठेवल्याव मग काम संपंपर्यंत बोलू नको. तुमी मान हलवलीत. नाय लिवलात?"

मी लिहिले नव्हते. तिने चार-पाच मिनिटे सांगितले आणि मी लिहिले: 'येथे सर्व कुशल आहे. पुडी पाठवीत आहे. प्रकृतीस जपावे.' राखणदार, मान, मृतांची घरे, असले काही मी कोणाच्याही पत्रात उतरवत नाही. चाळीस वर्षे मी त्या वाडीची पत्रे लिहिली. पत्र त्यांचे आणि शब्द माझे, हे मला भूषण वाटत आले. आणखी कोणाकोणाची कोणती वाक्ये मी अशी ओटीवरच टाकून दिली, हे आता आठवत नाही. आठवण्याजोगी ती मला वाटलीच नव्हती.

केरूला रीत ठाऊक होती, म्हणून त्याने ठेवले आणि तो गप्प बसला. साहेबाला आधी सांग, हे आईचे सांगणे त्याच्यापर्यंत गेलेच नाही.

हे सर्व कळूनही मी तुला खोटे लिहिले. छापखान्याला पंधरा दिवस हवे होते. मी मनाशी हिशेब केला, की वीस मार्चला अजून अवकाश आहे. आधी अंक निघू दे, मग बोलू. अंक पाच तारखेला निघाला. माझी बावीस पाने आहेत, तुझे चित्र मधोमध आहे. ते पान मी उघडले आणि मला फक्त तो टवका दिसला.

सोबत प्रमुख बाईंच्या नावे इंग्रजीत निवेदन आहे. मण्याचे वर्णन, टवक्याची जागा, दोऱ्याच्या गाठी आणि मी गाळलेले वाक्य, हे सर्व त्यात आहे. खाली केरूच्या आईचा अंगठा आणि सरपंचांची सही आहे. संपादकांना स्वतंत्र पत्र पाठवले: प्रस्तुत लेखकाने पुरावा म्हणून दिलेला मणी पालशेत येथील एका विद्यमान स्त्रीचा असून लेख मागे घेण्यात येत आहे. चौथ्या खेपेचा हशा मला येथवर ऐकू येईल.

शंखाची गोष्टही पुसून टाक. खाली घातलेली मान हा पुरावा नव्हे. ते तेव्हाही मला कळायला हवे होते.

बापू

◆

शारजा,
२४ मार्च १९९६

तीर्थरूप बापूमामांस,

सादर नमस्कार. नागेश चौदा तारखेला पोहोचला आणि विमानतळावरून थेट माझ्याकडे आला.

प्रमुख बाईंनी आपले निवेदन उभ्यानेच वाचले. मग मणी भिंगाखाली घेतला, टवका पाहिला, पेटीतला दोरा मागवला, गाठी मोजल्या. नोंदवहीत एकशे सत्तेचाळीसवर त्यांनी स्वतः आडवी रेघ मारली आणि पुढे लिहिले: 'आधुनिक. कामगाराने श्रद्धापूर्वक ठेवलेला.' 'चोरी' हा शब्द अहवालात कुठेही नाही. पासपोर्ट कंपनीकडून सुटला आहे आणि केरूची नोकरी कायम आहे.

कॅम्पवर त्या स्वतः गेल्या. विजयकुमारांनाही नेले. त्यांनी केरूचा हात धरला आणि म्हणाले, "अरे बाबा, एक बार मुँह खोल देता! मेरे को भी पाप लगाया."

"काम चालू था," केरू म्हणाला.

बाईंनी मणी परत देऊ केला. त्याने हात मागे घेतले. जमिनीला दिलेले घेत नाहीत, असे मी इंग्रजीत सांगितले, तेव्हा त्यांनी मान डोलावली. हंगामाच्या शेवटी कबर पुन्हा वाळूने भरायची असते, म्हणजे भिंती टिकतात. भरण्यापूर्वी बाईंनी मणी एका पारदर्शक पिशवीत घालून त्याच कोपऱ्यात ठेवला. शेजारी एक दिऱ्हमचे नाणे ठेवले. नाण्यावर साल असते, पुढेमागे कोणी इथे खणले तर आपण कुठवर आणि केव्हा आलो होतो हे त्याला कळते. ही उत्खनन करणाऱ्यांची जुनी पद्धत आहे.

केरू वरून बघत होता. मला म्हणाला, "बाईंना पन म्हायती हाय की, ताई. फकत गुपचूप ठेवायचां, ता म्हायती नाय."

त्याने आईसाठी पत्र सांगितले, ते मी त्याच्याच शब्दांत उतरवून सोबत जोडले आहे. कृपया वाचून दाखवावे. अंगणातल्या कोंबड्यांविषयी दोन परिच्छेद आहेत, तेही.

आपली,
संध्या

◆

पालशेत,
६ एप्रिल १९९६

चि. संध्या हिस आशीर्वाद.

पत्र पोहोचले. चुका मोजल्या नाहीत.

केरूचे पत्र घेऊन मी त्याच दिवशी पाखाडी चढलो. ओटीवर बसून पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचले, कोंबड्यांसह. मुलाची नोकरी राहिली, मणी जागेवर गेला, हे ऐकून तिने पदर डोळ्यांना लावला. मला वाटले, झाले.

तिने पत्र माझ्या हातून घेतले, कुंपणाशी गेली आणि शेजारच्या मैमुनाबीच्या नव्या सुनेला, बिलकीसला, हाक मारली. बिलकीस हात पुसत आली. "ह्या वाच गो," केरूची आई म्हणाली. बिलकीसने माझ्याकडे संकोचाने पाहिले आणि सगळे पत्र पुन्हा वाचले. ती वाचत असताना केरूची आई पत्राकडे बघत नव्हती. माझ्या तोंडाकडे बघत होती. शब्दाला शब्द जुळला. तेव्हा कुठे ती खाली बसली आणि तिने चहा मांडायला सांगितला.

उत्तर तिने बिलकीसला सांगितले. मी ओटीच्या टोकाला बसून होतो. राखणदार, मान, मणी, सगळे त्यात आले. पत्ता इंग्रजीत घालायचा होता, तो बिलकीसला जमेना, म्हणून पाकीट माझ्याकडे आले. मी पत्ता घातला.

तिने पाकीट उलटसुलट पाहिले, बिलकीसपुढे धरले आणि हलक्या आवाजात विचारले, "बरोबर हाय ना गो?"

तुझा मामा,
बापू